गाडीचा षड्ज

पद्मावतीबाईंनी आधी पेटी रिक्षातून बाहेर सरकवली आणि मग आपला एक पाय. भगवंतरावांनी पलीकडून येऊन पेटीची एक कडी धरली, दुसरी रिक्षावाल्याने धरली, आणि कोठी बाजाराच्या मागच्या गल्लीत, जुन्या टायरांच्या उतरंडीशेजारी, मखमली गवसणीतली ती पेटी बऱ्यापैकी मानाने खाली उतरली.

"अम्मा, गाने का प्रोग्राम है क्या इधर?" रिक्षावाल्याने विचारलं.

"प्रोग्राम नहीं. गाडी का सायलेंसर बदलने का है," भगवंतराव म्हणाले.

रिक्षावाल्याने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा भगवंतरावांच्या पांढऱ्या मिशांकडे, आणि रिक्षा वळवली. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही दुसरं काय केलं असतं, असं पद्मावतीबाईंना वाटून गेलं.

खाजाभाईंचं गॅरेज म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. तिच्या तोंडाशी गाडी उभी होती. लाल, विलायती, दोन दारांची आणि दोनच माणसांची, छत मागे दुमडता येणारी. गाडी चौसष्ट सालची. म्हणजे वयाने पद्मावतीबाईंपेक्षा थोडी लहान, पण कुरकुरण्यात थोरली. बांधकाम खात्यात नुकतेच लागलेले असताना भगवंतरावांनी ती एका जुन्या देवडीच्या, म्हणजे नवाबी वाड्याच्या, अंगणातून उचलून आणली होती. तेव्हा तिच्या इंजिनावर कोंबड्या अंडी उबवत होत्या. खाजाभाईंच्या वडिलांनी आधी कोंबड्या काढल्या, मग गंज काढला, मग पोटाखाली एक आणि शेपटाकडे एक असे दोन सायलेंसर स्वतःच्या हाताने घडवून बसवले, आणि त्या गाडीतून भगवंतराव मुलगी बघायला गेले.

ती मुलगी म्हणजे पद्मावतीबाई. काचीगुड्याला वडिलांची वकिली, घरात शिस्त, आणि पाहुण्यांसमोर मुलीने गायचं हा त्या शिस्तीचाच भाग. पण नेमका त्याच दिवशी पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला निघाला. पोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या, कुणीतरी म्हणालं, "होऊ द्या की एखादं गाणं," आणि पद्मा बिनसुराची तशीच सतरंजीवर बसली. दाराशी गाडी चालूच होती. ती बंद केली तर पुन्हा ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, आणि होणाऱ्या सासऱ्यांच्या दारात पहिल्याच दिवशी गाडी ढकलायची भगवंतरावांची तयारी नव्हती. त्या इंजिनाची एकसारखी गोल घुमघुम खिडकीतून आत येत होती. पद्माने कान दिला. स्वच्छ काळी चार. तिची स्वतःची पट्टी. तिने डोळे मिटून गाडीतूनच सा उचलला आणि भूपातली बंदिश अशी म्हटली, की पडद्याआडच्या आत्याबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला.

भगवंतरावांना सूर म्हणजे काय हे तेव्हाही कळत नव्हतं, आजही कळत नाही. आरतीला त्यांच्या हातात झांजा देतात, त्यासुद्धा जपून. लग्नानंतर दहा वर्षांनी पद्मावतीबाईंनी त्यांना ही गोष्ट सांगितली, आणि ती त्यांची चूकच झाली. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, मग तो गॅसवाला का असेना, भगवंतराव सांगत आले होते, "आमच्या लग्नाचा तानपुरा गाडीने धरला होता बरं का!"

दोन वर्षांपूर्वी मुलाने, हर्षवर्धनने, बंगलोरहून येऊन वडिलांच्या सत्तरीनिमित्त गाडीला नवे, शांत सायलेंसर बसवून दिले. अपार्टमेंटमधल्या लोकांना त्रास नको, हा त्याचा चांगला हेतू. पण गाडी तेव्हापासून तोंडात रुमाल धरून बोलल्यासारखी बोलायला लागली. आणि आता येत्या रविवारी लग्नाला चव्वेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती. चव्वेचाळीसमध्ये काय मोठंसं, असं पद्मावतीबाईंनी विचारलं तेव्हा भगवंतराव म्हणाले होते, "पन्नासची वाट कायकू बघायची? पन्नासला पाहुणे राहतील का नाही कुणास ठाऊक!" पंचवीस माणसांना आमंत्रणं गेली होती. बेत असा, की गाडीला जुना आवाज आणायचा, ती फाटकापाशी चालू ठेवायची, आणि त्या सुरात पद्मावतीबाईंनी तीच बंदिश म्हणायची.

बेत ऐकून सगळे खूश झाले होते. पद्मावतीबाई सोडून.

गेल्या गणपतीत मंडळात गाताना त्या नेहमीच्या काळी चारमध्ये वरच्या षड्जाला गेल्या आणि आवाज फाटला. श्रोत्यांपैकी कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही, तबलजी तेवढा उगाच खाकरला. पण त्यांच्या आलं. घरी येऊन त्यांनी "कंटाळा आला आता गाण्याचा" असं जाहीर केलं, आणि त्यानंतर दुपारी, भगवंतराव वाचनालयात गेले की, खोलीचं दार लावून त्या हळूच काळी तीनमध्ये गाऊन बघायच्या. मधली पांढरी धरली तर दोनच पट्ट्या खाली. तिथे आवाज छान बसत होता, उलट पूर्वीपेक्षा भरदार लागत होता. पण हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडाने? जामबागच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलींना संगीत शिकवलं, आणि एखादी म्हणाली, "बाई, पट्टी थोडी खाली घेऊ का?" तर, "खाली घ्यायला तू काय म्हातारी झालीस?" असं तिला फटकारलं. ते सगळं आता व्याजासकट परत येत होतं. आणि भगवंतरावांची ती गोष्ट? काळी चार गेली की गोष्टीत राहिलं काय, नुसते पोहे.

"सलाम मेडम, सलाम साब," खाजाभाई गाडीखालून बाहेर येत म्हणाले. साठीचा, लुकडा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. त्यांनी पेटीसाठी लाकडी पेटारा पुढे सरकवला, वर स्वच्छ फडकं अंथरलं, आणि पद्मावतीबाईंना गाडीच्या शेपटाजवळ खुर्ची दिली. "आज हम मेडम के कान से काम करेंगे. आवाज बडा नक्को, मीठा होना. बडा हुआ तो पोलिसवाला पकडता, मीठा हुआ तो वो भी खडे होको सुनता."

त्यांनी बाजारातून दोन जोड आणून ठेवले होते. पहिला जोड आधीच बसवून झाला होता. किल्ली फिरली, इंजिन सुरू झालं, आणि शेडमध्ये कर्कश, चिरका, पत्रा ओरबाडल्यासारखा आवाज भरला. पद्मावतीबाईंचे खांदे आपोआप कानांपर्यंत आले.

"नाही," भगवंतराव पलीकडून ओरडले. "हा नाही!"

ते गाडीच्या नाकाशी उभे होते, पद्मावतीबाईंच्या बरोब्बर समोर, आणि चष्मा पुसत होते.

"साब, उधर कायकू खडे रहे? पीछू आव ना. आवाज तो पीछू से आता," खाजाभाई म्हणाले.

"मैं इधर से बराबर सुनता," भगवंतराव म्हणाले आणि चष्मा चढवला.

दुसरा जोड बसवायला पाऊण तास लागला. तो लागला खर्जात. पायाखालची जमीन गुरगुरली, पेटाऱ्यावरची पेटी थरथरली. लॉरी मागे घेताना येतो तसला तो आवाज ऐकून पद्मावतीबाईंना हसू फुटलं, आणि त्यांनी ते पदरात दाबलं.

"हाही नाही," भगवंतराव लगेच म्हणाले. "माझ्या लग्नाला काय लॉरी आली होती?"

खाजाभाईंना राग आला नाही. उलट ते याच घटकेची वाट बघत असावेत. ते माळ्यावर चढले, म्हणजे तीन पायऱ्या चढून "या अल्ला" म्हणत थांबले आणि मग उरलेल्या चढले, आणि खाली आले ते एक काळपट सुतळी घेऊन. सुतळीला ठिकठिकाणी गाठी होत्या.

"अब्बा की रस्सी," ते म्हणाले. "अब्बा लिखना नहीं जानते थे. हर गाडी की एक रस्सी बनाको रखते थे. इत्ते पे पाइप, इत्ते पे डब्बा, इत्ते पे छेद. ये लाल गांठ देखो, ये आप की गाडी की है. पूरा हफ्ता ढूंढा मैं."

आणि त्यांनी कोपऱ्यातलं फडकं ओढलं. खाली दोन सायलेंसर होते, नवे, हाताने घडवलेले, सुतळीबरहुकूम. वेल्डिंगचे डाग अजून निळसर चमकत होते. आतापर्यंत पद्मावतीबाई मनातल्या मनात आशा धरून होत्या, की तो आवाज काही कुणाला सापडायचा नाही, रविवार असाच हसतखेळत निघून जाईल, आणि गाडीच बेसूर आहे म्हटल्यावर गाण्याची जबाबदारी आपल्यावर येणार नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं त्यांनी अंगण आधीच वाकडं धरून ठेवलं होतं. आणि हा भला माणूस ते सरळ करून देत होता.

सायलेंसर चढले. खाजाभाईंनी हात पुसले, "बिस्मिल्ला" म्हटलं आणि किल्ली फिरवली.

एकदा खोकून गाडीला कंठ फुटला. गोल, एकसारखी घुमघुम. पद्मावतीबाईंचा डावा हात भात्यावर गेला, उजव्या हाताचं बोट सवयीने काळी चारवर पडलं, आणि पेटीचा सूर गाडीच्या सुरात साखरेसारखा विरघळला. काचीगुड्याची ती खिडकी, सतरंजी, पोह्यांवरच्या खोबऱ्याचा वास, सगळं त्यांच्यापुढे उभं राहिलं. किती आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. पण दुसऱ्याच क्षणी त्यांना गणपतीतला वरचा षड्ज आठवला.

"आहाहा!" खाजाभाईंचे डोळे मिटले होते. "वोइच है. अब्बा उठ को आ गए."

"नाही," भगवंतराव म्हणाले.

खाजाभाईंनी डोळे उघडले. पद्मावतीबाईंचं बोट पट्टीवरच राहिलं.

"नाही. हा तो नाहीच."

"साब!" खाजाभाईंनी इंजिन बंद केलं. "बाजा हौ बोल रा. अब्बा की रस्सी हौ बोल री. और आप नक्को बोलते?"

"नक्को म्हणजे नक्को," भगवंतराव म्हणाले. त्यांनी उगाच बॉनेटवरून हात फिरवला. "मी चहा घेऊन येतो. तुम्ही दोघं बघा काहीतरी. पद्मा, तू सांग त्यांना. तुला कळतंय."

आणि ते कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चालायला लागले.

खाजाभाई कपाळाला हात लावून एका जुन्या टायरावर टेकले. पद्मावतीबाई त्या पाठमोऱ्या, किंचित वाकलेल्या आकृतीकडे बघत राहिल्या. बरोबर सूर लागला होता, तंतोतंत लागला होता, आणि या माणसाने तो नाकारला होता. म्हणजे गाढवापुढे वाचली गीता, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याबरोबर दुसरंही आलं. चहा यायला दहा मिनिटं तरी लागणार होती.

"खाजाभाई," त्या म्हणाल्या, "इसका सुर जरा नीचे उतरता क्या?"

"उतरता. लेकिन कायकू? बराबर तो है."

"बराबर है. पर..." पाच महिने कुणापुढे न उच्चारलेलं वाक्य एका सायलेंसरवाल्यापुढे बोलावं लागेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. "पर मेरा अब उत्ता नहीं चढता."

खाजाभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या गुडघ्यांकडे.

"मेडम, मेरे घुटने नहीं चढते. मैं घर ऊपर के माले से नीचे ले आया. बीवी वोइच, बर्तन वोइच, खाना वोइच. बस सीढी कम हो गई." ते उठले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. "सायलेंसर कू हात नहीं लगाना. आवाज की मिठास उसमें है. सुर तो इंजन के घूमने में है. हल्लू घुमाए तो नीचे आता. आप पट्टी दबाव, मैं पेच ढीला करता."

पद्मावतीबाईंनी काळी तीन दाबली. खाजाभाईंनी इंजिन सुरू केलं आणि बारीक पेचकस घेऊन आत वाकले. पाव फेरा. घुमघुम किंचित खाली आली. आणखी थोडा. आता सूर पांढरी पाचशी आला, जिन्यातल्या मधल्या पायरीवर. आणखी थोडा, आणि इंजिन अडखळलं, एक आचका दिला.

"बंद पडेंगी क्या?"

"चुप," खाजाभाई इंजिनाला म्हणाले की त्यांना, ते कळलं नाही. पेच केसभर परत फिरला. गाडीने श्वास सावरला आणि ती स्थिर झाली. पेटी आणि इंजिन पुन्हा एकमेकांत मिसळले होते, दोन पट्ट्या खाली. आवाज तोच, गोल, खाजाभाईंच्या अब्बांचा. फक्त थोडा निवांत.

"साब कू बोलना?" खाजाभाईंनी विचारलं.

"नक्को," पद्मावतीबाई घाईघाईने म्हणाल्या.

भगवंतराव आले ते एका हातात चहाची किटली आणि दुसऱ्या हातात उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन. "काही जमलं?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पद्मावतीबाईंना एका ग्लासात चहा ओतून दिला, किटली खाली ठेवली, आणि ते जाऊन आपल्या जागी, गाडीच्या नाकाशी, उभे राहिले. पुडा काखेत धरून चष्मा काढला, पुसला, चढवला.

किल्ली फिरली. पद्मावतीबाईंनी या वेळी पेटीला हातच लावला नाही. सूर आपल्या पायाने चालत आला आणि त्यांच्या गळ्यापाशी थांबला. त्यांनी तो आतल्या आत, ओठांच्या कडेने, फक्त धरून पाहिला. बसला. तशाच त्या वरच्या षड्जापर्यंत मनातल्या मनात जाऊन आल्या, कुठे ठेच लागली नाही.

"हाच!" भगवंतरावांनी एवढ्या जोरात आरोळी दिली, की पुड्यातली दोन बिस्किटं खाली पडली. "हाच तो! चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा! जसाच्या तसा!"

खाजाभाईंनी पटकन बॉनेटमध्ये डोकं घातलं. त्यांची पाठ हलत होती. पद्मावतीबाईंनी चहाचा ग्लास तोंडाला लावला, पण हसू चहात सांडायचं राहिलं नाही.

"साब के कान भोत तेज हैं," आतून आवाज आला.

"मग!" भगवंतराव म्हणाले.

परत जाताना छत मागे दुमडलेलं होतं आणि पेटी पद्मावतीबाईंच्या मांडीवर. माघाचं ऊन अंगावर छान वाटत होतं. कोठीच्या पुस्तकवाल्यांनी माना वर करून गाडीकडे बघितलं, एका शाळकरी मुलीने हात हलवला, आणि भगवंतरावांनी तिला सलाम ठोकला. पद्मावतीबाईंचं मन इतकं हलकं झालं होतं, की रविवारी पंचवीसच माणसं का बोलावली, पन्नास का नाही, असं त्यांना वाटायला लागलं. गंमत म्हणून त्या आजचा प्रसंग मनात पुन्हा घोळवत होत्या. चिरक्या आवाजाला नाही, लॉरीला नाही, इथवर ठीक. शेवटच्या उतरलेल्या सुराला "जसाच्या तसा", हेही ठीक. ज्याला काळी-पांढरीतला फरक पेटी बघूनच कळतो, त्याला दोन पट्ट्यांचं काय. पण मग खऱ्या सुराला नाही का?

ज्याला सूर कळत नाही त्याने तिथे "हौ" म्हणायला हवं होतं. पेटी हौ म्हणत होती, खाजाभाई हौ म्हणत होते.

काचीगुड्याकडे वळणाऱ्या चौकात सिग्नल लाल झाला. वर आकडे उलटे पळायला लागले, नव्वद, एकोणनव्वद. गाडी जागच्या जागी काळी तीनमध्ये घुमत राहिली.

"अहो," पद्मावतीबाई म्हणाल्या, "तुम्हाला सूर कधीपासून कळायला लागले?"

"मला कुठे कळतात?"

"मग तिसऱ्या वेळेला नाही का म्हणालात?"

भगवंतरावांनी आकड्यांकडे बघितलं. सत्त्याहत्तर. सुटका नव्हती.

"गणपतीत तुझा चेहरा झाला होता ना," ते म्हणाले, "तसा झाला."

पद्मावतीबाईंनी पेटीवरची गवसणी सारखी केली. ती सारखीच होती. म्हणजे ते नाकाशी उभं राहणं, तो चष्मा पुसणं, ते बरोब्बर समोर थांबणं. या माणसाने सकाळपासून एकही आवाज ऐकला नव्हता. तो नुसता बघत होता. सकाळपासूनच का, गणपतीपासून. आणि काचीगुड्याच्या त्या दिवाणखान्यात तरी त्याने दुसरं काय केलं असेल? त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते भरू दिले.

"दोन पट्ट्या खाली आहे हा सूर," त्या म्हणाल्या. "आधीचा नाही."

"असेल."

"मग रविवारी पाहुण्यांना काय सांगणार?"

"सांगणार की, हीच गाडी, हाच सूर." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "खरं आहे ना?"

"हौ," पद्मावतीबाई म्हणाल्या. "हाच सूर."

आणि भर चौकात, स्कूटरवाले, बसवाले, फुटपाथवरचे पेरूवाले यांच्यादेखत, त्यांनी गाडीतून सा उचलला. भूपातली ती बंदिश आधी गुणगुणल्यासारखी सुरू झाली आणि दुसऱ्या ओळीला चांगली उघड्या गळ्याने. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईने हेल्मेटची काच वर केली. आकडे संपत आले, पाच, चार, तीन, आणि पद्मावतीबाई अंतऱ्याला लागून वरच्या षड्जाकडे निघाल्या.

सिग्नल हिरवा झाला. मागून एक हॉर्न वाजला, मग चार, मग अख्खा काचीगुडा वाजायला लागला. भगवंतरावांनी पाय हलवला नाही. गाडी पुढे घेतली की तिचा आवाज चढतो, एवढं तर त्यांनाही कळत होतं.